चंद्र, ग्रह आणि बायोडायनॅमिक परसबाग: गोव्यातून वारंवार येणारे प्रश्न

पावसाच्या तोंडावर आणि पुन्हा चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की प्रश्नांचा ओघ सुरू होतो. कुणाचे डिचोलीला दोन खोल्यांएवढे पोरसू असते, कुणाचे सत्तरीत कुळागर (सुपारीची बाग), कुणाची पणजीत चौथ्या मजल्यावरची बाल्कनी. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचता येईल. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बायोडायनॅमिक म्हणजे सेंद्रियच ना? वेगळे काय?

रासायनिक खत आणि विषारी फवारणी नको, हे दोन्हींत सारखे. बायोडायनॅमिकमध्ये त्यावर तीन गोष्टी येतात. एक, शेत, गुरे, झाडे आणि माणूस मिळून एकच जीव आहे असे धरून खत शक्यतो आपल्याच आवारात तयार करायचे. दोन, ५०० ते ५०८ अशा क्रमांकांनी ओळखली जाणारी काही तयार द्रव्ये अगदी थोड्या प्रमाणात वापरायची. तीन, पेरणी, रोपणी आणि काढणीचे दिवस चंद्र आणि ग्रहांच्या चक्रांवरून निवडायचे.

सुरुवात जून १९२४ मध्ये झाली. बियाण्याचा आणि गुरांचा कस उतरत चालला आहे अशी तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्यांपुढे ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी कोबरविट्झ या गावी आठ व्याख्याने दिली. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. १९२८ पासून या पद्धतीच्या मालाला ‘डिमीटर’ हे चिन्ह मिळू लागले. भारतात ती रुजली १९९० च्या दशकात, आणि त्यात न्यूझीलंडच्या पीटर प्रॉक्टर यांचा वाटा मोठा. माझ्यापुरते विचाराल तर या पद्धतीचा जीव कंपोस्टमध्ये आहे. कॅलेंडर त्यानंतर येते.

२. पेरणीचे दिवस स्टायनर यांनीच ठरवून दिले का?

नाही. त्यांच्या व्याख्यानांत चंद्र आणि ग्रह आहेत, पण रोजचे कॅलेंडर नाही. त्यांच्या अनुयायी लिली कोलिस्को यांनी पुढच्या काळात चंद्रकलांवर प्रयोग केले आणि पौर्णिमेच्या दोन दिवस आधी पेरावे असे मांडले. आज चालते ती मूळ-पान-फूल-फळ ही विभागणी, म्हणजे पिकाचा कोणता भाग हवा त्यावरून पेरणीचा दिवस निवडणे, जर्मनीच्या मारिया थून यांची. १९५० च्या दशकात त्यांनी मुळ्याच्या पेरण्यांवरून निरीक्षणे सुरू केली आणि १९६० च्या दशकापासून दरवर्षी पेरणी-कॅलेंडर काढले. भारतात बायोडायनॅमिक असोसिएशन ऑफ इंडियाचे कॅलेंडर निघते. त्यातल्या वेळा भारतीय असतात, म्हणून युरोपातले कॅलेंडर मागवून तास जुळवत बसू नका.

३. मूळ, पान, फूल, फळ हे दिवस घरच्या पंचांगावरून ओळखता येतात का?

येतात. चंद्र कोणत्या राशीत आहे तेवढे पाहायचे. वृषभ, कन्या, मकर या पृथ्वीतत्त्वाच्या राशी म्हणजे मुळाचे दिवस. कर्क, वृश्चिक, मीन या जलतत्त्वाच्या, त्या पानाचे. मिथुन, तूळ, कुंभ वायूच्या, त्या फुलाचे. मेष, सिंह, धनू अग्नीच्या, त्या फळ आणि बियांचे. चंद्राला बाराही राशी फिरायला सत्तावीस दिवस आणि सुमारे आठ तास लागतात, त्यामुळे प्रत्येक प्रकार साधारण नऊ दिवसांनी परत येतो.

हे नऊ दिवसांचे अंतर लक्षात ठेवा, कारण त्यातून एक फायदा पदरात पडतो आणि त्यासाठी चंद्रावर विश्वास असण्याची गरज नाही. तांबडी भाजी पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत काढायला येते. दर पानाच्या दिवशी हातभर रुंदीची एकच ओळ पेरली तर महिन्यात तीन ओळी होतात. पहिली संपते तेव्हा दुसरी तयार असते. सगळे बी एकाच दिवशी टाकणाऱ्याची भाजी एकाच आठवड्यात संपते, आणि त्या आठवड्यात जोराची सर आली तर तीही चिखलात बसते. जुलैत गोव्यात पालेभाजी टिकवायची तर अशी विभागून पेरणी हाच उपाय.

४. शुक्ल पक्ष म्हणजेच चढता चंद्र ना?

हा गोंधळ सर्वांत जास्त दिसतो. शुक्ल आणि कृष्ण पक्ष चंद्राच्या उजेडावरून ठरतात आणि ते चक्र साडेएकोणतीस दिवसांचे. चढता-उतरता चंद्र त्याच्या आकाशातल्या वाटेवरून ठरतो: धनूपासून मिथुनेपर्यंत तो उत्तरेकडे सरकतो, तेव्हा चढता. मिथुनेपासून धनूपर्यंत दक्षिणेकडे, तेव्हा उतरता. अमावस्येच्या जवळचा चंद्रही चढता असू शकतो.

आपल्याकडे हे डोळ्यांनी पडताळता येते. पूर्वेला सह्याद्रीची रेघ दिसत असेल तर ओळीने तीन-चार रात्री चंद्र डोंगराच्या कुठल्या खिंडीवरून वर येतो ते पाहा. उगवण्याची जागा रोज डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे, सरकत असेल तर चंद्र चढता. गोवा साडेपंधरा अक्षांशावर असल्याने चढत्या वाटेच्या टोकाला चंद्र आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला जातो. युरोपच्या पुस्तकांतले ‘चंद्राची कमान उंच होते’ हे वर्णन इथे तंतोतंत जुळत नाही ते त्यामुळे.

बायोडायनॅमिकच्या नियमाप्रमाणे उतरत्या चंद्रात रोपे लावायची, छाटणी करायची, कंपोस्ट रचायचे. चढत्या चंद्रात फळे-पाने काढायची आणि कलमासाठी काड्या घ्यायच्या.

५. आमच्याकडे मृगावर पेरतात. ते नक्षत्र आणि कॅलेंडरातले रोजचे नक्षत्र एकच का?

नक्षत्र तेच, पण त्यात शिरणारा वेगळा. पावसाची नक्षत्रे सूर्याची आहेत. सूर्य रोहिणीत २५ मेच्या सुमारास जातो, मृगात ७-८ जूनला, आर्द्रात २१-२२ जूनला. म्हणून एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवस चालते आणि तारखा दरवर्षी जवळपास त्याच राहतात. पंचांगात रोज बदलते ते चंद्राचे नक्षत्र.

आपल्या वाडवडिलांनी पेरणीसाठी सूर्याची नक्षत्रे धरली. मोसमी पाऊस सूर्याच्या मागे येतो, चंद्राच्या मागे नाही. कोणत्याही परदेशी कॅलेंडरापेक्षा हा अनुभव मला गोव्यासाठी मोलाचा वाटतो.

६. अ‍ॅप म्हणते आज फुलाचा दिवस, पंचांगात चंद्र कन्येत म्हणजे मुळाचा. खरे कुणाचे?

अ‍ॅप बहुधा सायन राशी (वसंतसंपातापासून मोजलेल्या) वापरते, पंचांग निरयन (ताऱ्यांवरून मोजलेल्या). दोन्हींत आज सुमारे चोवीस अंशांचा फरक आहे आणि चंद्र दिवसाला तेरा अंश चालतो, म्हणजे जवळजवळ दोन दिवसांचा घोळ. मारिया थून यांची पद्धत तिसरीच. त्यांनी राशी तारकासमूहांच्या आकाशातल्या खऱ्या रुंदीप्रमाणे लहानमोठ्या धरल्या. त्यांच्या कॅलेंडरात चंद्र कन्येत तीन दिवसांहून जास्त राहतो आणि कर्केत जेमतेम दीड-दोन. पंचांगात प्रत्येक रास सव्वादोन दिवसांची. थून आणि पंचांग बरेचसे जुळतात, सायन अ‍ॅप मात्र दोघांशी जुळत नाही. कोणतीही एक पद्धत निवडा आणि निदान एक हंगाम तीच ठेवा.

७. अळू पानासाठीही आणि कांद्यासाठीही लावतो. मुळ्याचा पालाही खातो. मग दिवस कोणता धरायचा?

तुम्हाला त्या वाफ्यातून मुख्यत्वे काय हवे तो. गोव्यात मुळा बहुतेक पाल्यासाठीच पेरला जातो, तेव्हा पानाचा दिवस. हळद मुळाच्या दिवशी, मग पातोळ्यांसाठी तिची पाने कितीही काढा. कणगी, सुरण आणि आले हेही मुळाचे. भेंडी, मिरची, वांगी, वाल, अळसांदे, भात, केळी आणि नारळ फळाच्या दिवशी. अबोली आणि झेंडू फुलाच्या.

८. खरे सांगा, याला शास्त्रीय आधार आहे का?

या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते, कारण लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र विचारतात.

पहिली, शेतीपद्धत म्हणून बायोडायनॅमिक. स्वित्झर्लंडमध्ये थेरविल येथे १९७८ पासून एक दीर्घ तुलना चालू आहे. बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक वाफे शेजारी शेजारी. एकवीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. बायोडायनॅमिक आणि सेंद्रिय शेतांत उत्पन्न सरासरी २० टक्के कमी, पण खत आणि ऊर्जेचा वापर ३४ ते ५३ टक्के कमी, आणि मातीतले जीवन स्पष्टपणे समृद्ध. हा ठोस पुरावा आहे. तो शेणखताचा, कंपोस्टचा आणि पीक-फेरपालटाचा पुरावा आहे. चंद्राचा नाही.

दुसरी गोष्ट, पेरणीचे दिवस. जर्मनीत थून यांचे नियम दुसऱ्या संशोधकांनी काटेकोर प्रयोगांत तपासले तेव्हा मूळ-पान-फूल-फळ हा फरक त्यांना सापडला नाही. २०२० मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी या विषयावरच्या लिखाणाचा आढावा घेतला. चंद्रकलांमुळे पिकाच्या वाढीत फरक पडतो याचा भरवशाचा पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष. पौर्णिमेचा उजेड फार तर पाव लक्स (लक्स हे उजेडाचे माप) असतो आणि दुपारचे ऊन एक लाख लक्स. उजेडामुळे वाढ होईल म्हणावे तर त्यातही दम नाही.

तरीही मी कॅलेंडर भिंतीवर ठेवते आणि दुसऱ्यांनाही ठेवायला सांगते. कॅलेंडरवाला माणूस ठरल्या दिवशी वाफ्यावर जातो. पानाच्या दिवशी पेरायला गेला की त्याला मागच्या ओळीत अळी दिसते, आळ्यात पाणी साचलेले दिसते. पेरण्या आपोआप विभागल्या जातात (प्रश्न ३). हा फायदा खरा आहे आणि तो चंद्राच्या नावावर मिळाला तरी मला चालतो. चालत नाही ते एकच: ‘दिवस चांगला आहे’ म्हणून कच्चे शेण टाकणे, किंवा ‘दिवस वाईट आहे’ म्हणून वाफसा आलेली जमीन तशीच सोडणे.

९. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, मग झाडातल्या रसाला का येणार नाही?

भरती चंद्राच्या नुसत्या ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. पृथ्वीची चंद्राकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांत १२,७०० किलोमीटरचे अंतर आहे, म्हणून ओढ दोन्हीकडे वेगळी पडते. माडाच्या शेंड्यात आणि मुळात वीस मीटरचे अंतर. तिथे हा फरक इतका सूक्ष्म होतो की झाडात रस चढवणारी पानांची बाष्पोत्सर्जनाची ओढ त्याच्या कितीतरी पट असते.

पण चंद्र गोव्याच्या शेतीत नाही असे म्हणायला मी धजणार नाही. तो आहे, आणि फार जोरात आहे. तो खाजनात आहे. मांडवी-झुआरीच्या काठची ही जमीन पूर्वजांनी बांध घालून नदीकडून मिळवली. बांधात मानस असते, म्हणजे वरच्या बाजूला बिजागरी असलेली लाकडी दारे. भरतीचे पाणी बाहेरून दाबले की दार आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडते आणि शेतातले पावसाचे पाणी नदीत सुटते. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला नदीच्या मुखाशी पाणी दोन मीटरच्या आसपास चढउतार करते, अष्टमीच्या सुमारास बरेच कमी. श्रावणातल्या पौर्णिमेला वरून मुसळधार पाऊस आणि खालून मोठी भरती एकाच वेळी आली तर आतले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही आणि बांधावर ताण येतो. त्या दिवसांत बांधाला खेकड्याने पाडलेले एक भोकसुद्धा महागात जाते. एकदा खारे पाणी आत शिरले की मीठ धुऊन जायला पुढचा पावसाळा लागतो. कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भात या जमिनीतच टिकून राहिले ते याचमुळे.

खाजनात शेत असेल तर तिथी पाहूनच बांधाची राखण करा. तिथे ती अंधश्रद्धा नाही, जलशास्त्र आहे.

१०. घर खाडीजवळ आहे. विहिरीचे पाणी परसबागेला द्यायचे कोणत्या तिथीला?

किनाऱ्यालगतच्या विहिरींची पातळी भरतीबरोबर थोडी हलते हे खरे. पण तुमच्या भाजीला धोका तिथीपेक्षा महिन्याचा जास्त. एप्रिल-मे मध्ये गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर येते. पानांच्या कडा करपू लागल्या तर आधी पाणी तपासा. सकाळी थोडा उपसा, मग विहिरीला विसावा, असे चालवा.

११. शिंगात शेण भरून पुरण्याचा प्रकार काय आहे? गोव्यात जमतो का?

ते ५०० क्रमांकाचे द्रव्य. व्यायलेल्या गायीचे, नैसर्गिकरीत्या मेलेल्या गुराचे शिंग घेतात, त्यात दुभत्या गायीचे ताजे शेण ठासतात आणि पावसाळा सरताना पुरून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. एकराला २५ ग्रॅम, १३ ते १५ लिटर कोमट पाण्यात. ते पाणी तासभर ढवळायचे. काठीने कडेकडेने फिरवत बादलीत तळापर्यंत भोवरा पाडायचा, मग एकदम उलट दिशेने, पुन्हा भोवरा. संध्याकाळी, उतरत्या चंद्रात, केरसुणीने किंवा कुंच्याने जमिनीवर शिंपडायचे आणि त्याच दिवशी संपवायचे.

गोव्यात दोन अडचणी. सप्टेंबरात आपल्याकडे अजून पाऊस असतो, म्हणून घाई न करता दसऱ्यानंतर पुरा. आणि जांभ्याच्या कातळात खड्डा म्हणजे पाण्याचे टाके. चांगली माती असलेल्या उंचवट्यावर हात-दीड हात खोल पुरा, शिंगाचे तोंड खाली ठेवा. तयार झालेले द्रव्य काळसर, बोटांत मऊ आणि वासाला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखे असते. आत हिरवट ओले शेण दिसले किंवा शेणाचा वास आला तर ते अजून तयार नाही, परत पुरा.

५०१ म्हणजे गारगोटीची पूड, तीही शिंगातच. ती उन्हाळा-पावसाळा जमिनीत ठेवावी लागते, म्हणजे आपल्या ३,००० मिलिमीटर पावसात. छपराखाली जागा नसेल तर घरी करू नका, एकराला एकच ग्रॅम लागते, तयार घ्या. फवारणी सूर्योदयाच्या वेळी करा, कोवळ्या रोपांवर नको आणि मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात नकोच.

१२. एवढे सगळे जमणार नाही. एकच गोष्ट करायची तर कोणती?

सीपीपी. गायीच्या शेणाचे खड्डाखत. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, फूटभर खोल अशी विटांची किंवा चिऱ्यांची पेटी करा, तळ मातीचाच ठेवा. साठ किलो ताजे शेण, त्यात २०० ग्रॅम अंड्यांच्या टरफलांची पूड आणि ३०० ग्रॅम काळ्या दगडाची भुकटी. हे हाताने चांगले मळा. पेटीत थापून त्यात ५०२ ते ५०६ या द्रव्यांच्या चिमट्या वेगवेगळ्या भोकांत घाला आणि ५०७ हे पाण्यात ढवळून वरून शिंपडा. ही सहा द्रव्ये यॅरो, कॅमोमाइल, बिच्छू घास, ओकची साल, डँडेलियन आणि व्हॅलेरियन या थंड प्रदेशातल्या वनस्पतींपासून होतात. ती आपल्याकडे पिकत नाहीत, तयारच आणावी लागतात.

वरून ओले गोणपाट. महिन्याने उलटा-पालटा करा. तीन महिन्यांत शेणाचा वास जातो. एक किलो खत ४५ लिटर पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ढवळले की एकराला पुरते. परसबागेला शंभर ग्रॅम आणि साडेचार लिटर पाणी भरपूर झाले.

पेटी छपराखाली आणि जमिनीपासून वीतभर वर हवी. जूनमध्ये उघड्यावर ठेवलेली पेटी म्हणजे शेणाचा काला. सर्वांत चांगला मुहूर्त दिवाळीनंतरचा.

अंड्याच्या टरफलाला इथे आणखी एक अर्थ आहे. आपली जांभ्याची माती आम्ल. टरफलातला चुना तिला हवाच असतो, पण २०० ग्रॅमने अख्ख्या जमिनीची आम्लता सुधारत नाही. त्यासाठी माती तपासून चुना किंवा डोलोमाइट वेगळे घाला. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा कृषी खात्याकडे चौकशी करा.

१३. मी जीवामृत घालते. मग सीपीपीही घालू का?

दोन्ही घालायची सक्ती नाही. सुभाष पाळेकर यांचे जीवामृत म्हणजे दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती दोनशे लिटर पाण्यात. ते दोन-तीन दिवसांत तयार होते आणि लगेच वापरावे लागते. सीपीपी तीन महिने घेते, पण मडक्यात ओलसर ठेवले तर पुढे बरेच महिने टिकते. दारात गाय असेल तर जीवामृत सोपे. शेण वर्षातून एकदाच मिळत असेल तर सीपीपी.

१४. चंद्र समजला. शनी, गुरू यांचा भाजीशी काय संबंध?

स्टायनर यांच्या मांडणीत चंद्र, बुध, शुक्र हे जवळचे गोल चुन्याच्या वाटेने वाढ आणि पुनरुत्पत्तीवर, आणि मंगळ, गुरू, शनी हे दूरचे सिलिकाच्या वाटेने चव, रंग आणि टिकाऊपणावर काम करतात. कॅलेंडरात शनीच्या समोर चंद्र आला की तो दिवस पेरणीला आणि ५०१ ला उत्तम धरतात. हा योग साधारण सत्तावीस दिवसांनी येतो. ही श्रद्धेची मांडणी आहे, मोजमापाची नाही, आणि तिला तसेच धरावे.

आकाशातले ज्याचे चक्र पिकाला खरोखर हलवते तो सूर्य. गोव्यात दिवस डिसेंबरात सव्वाअकरा तासांचा आणि जूनमध्ये तेरा तासांचा. फरक छोटा वाटतो, पण गावठी वालाला तो कळतो. वाल जूनमध्ये लावला काय आणि ऑगस्टमध्ये लावला काय, दिवस लहान होऊ लागल्याशिवाय तो फुलत नाही. ‘वेल मांडवभर गेला, फूल नाही’ अशी तक्रार दर सप्टेंबरला येते. शनीला दोष देऊ नका, दिवाळीपर्यंत थांबा.

१५. राहू-केतू आणि ग्रहणाचे दिवस टाळायचे का?

चंद्र आपल्या वाटेने सूर्यमार्ग ओलांडतो ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. महिन्यातून दोनदा हे घडते आणि कॅलेंडर ते काही तास काढून ठेवते. चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तो दिवसही. टाळले तर काही बिघडत नाही. तण काढा, कोयते परजा. सलग पाऊस लागणार असेल आणि रोपे वाढून लोळू लागली असतील तर लावून मोकळे व्हा.

१६. पाऊस आला, वाफसा आला, पण कॅलेंडरात दिवस चुकीचा. काय करू?

पेरा. गोव्यात जूनमध्ये दोन सरींमधले कोरडे दोन दिवस पुन्हा कधी मिळतील हे कुणाला ठाऊक नसते. काणकोणातल्या खोला गावच्या डोंगरउतारावर मिरची लावणारे आभाळ पाहून लावतात, आणि तेच योग्य आहे. पाण्याची सोय हातात असते त्या वायंगणात, म्हणजे नोव्हेंबरनंतर, कॅलेंडर पाळायला मोकळीक असते. ज्यांना चंद्राचे नियम मनापासून आजमावायचे आहेत त्यांनी सुरुवात तेव्हाच करावी.

१७. माटोळीला, म्हणजे चवथीला गणपतीवर बांधतात त्या फळाभाज्यांच्या चौकटीला, घरचीच भाजी हवी. दरवर्षी मागेपुढे होते. काय चुकते?

चंद्राच्या पंचांगाचा खरा हिशेब गोव्याच्या परसबागेत इथे लागतो. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, म्हणून चवथ दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. २०२३ मध्ये ती १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने १४ सप्टेंबरला. पाऊस मात्र आपल्या वेळेला येतो. तुम्ही दरवर्षी मृगावरच सगळे बी टोचत असाल तर एका वर्षी तवशी (काकडी) कोवळी राहणार आणि दुसऱ्या वर्षी पिवळी पडून बियांना येणार.

म्हणून चवथीपासून मागे मोजा. भेंडीला पन्नास दिवस, तवशी आणि दोडक्याला साठ, पावसाळ्यात ऊन कमी म्हणून वर आणखी आठवडा. चिबडाला तीन महिने धरा. २०२६ साठी तवशीचे बी ७-८ जुलैला टोचायचे, ऐन पावसात. तेव्हा करवंटीत किंवा पानाच्या द्रोणात वळचणीखाली रोप करा आणि चार पाने आली की उंच आळ्यावर न्या. चवथ ऑगस्टमध्ये येते त्या वर्षी मात्र जूनचा दुसरा आठवडाही चुकवून चालत नाही. दुसऱ्या दिवशीच्या नव्यांच्या पंचमीला भाताची कणसे लागतात, तिथेही हाच हिशेब. चवथ लवकर असेल तर थोडे लवकर तयार होणारे भात एका कोपऱ्यात आधी पेरून ठेवा.

१८. बांबू काळोख्या पक्षात तोडला तर किडत नाही, असे आजोबा म्हणायचे. खरे का?

बांबू पोखरणारे भुंगेरे त्यातल्या पिष्टमय साखरेसाठी येतात. ती किती असते हे मुख्यत्वे ऋतूवर आणि काठीच्या वयावर ठरते. पावसाळा संपल्यावर, थंडीत, तीन वर्षांची काठी तोडा आणि दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा. पक्षही पाळायचा असेल तर खुशाल पाळा, पण पावसाळ्यात फुटलेला कोवळा कोंब अमावस्येला तोडला तरी किडणारच.

१९. फ्लॅटमध्ये कुंड्या आहेत. कॅलेंडरचा उपयोग होईल?

प्रश्न ३ मधल्या विभागून पेरणीपुरता नक्की होईल. बाकी कुंडीत तुमच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे निचरा. शिंग ढवळत बसू नका, महिन्यातून दोनदा सीपीपीचे पाणी घाला.

२०. मला स्वतः तपासून पाहायचे आहे. कसे करू?

मुळा घ्या, महिन्या-सव्वा महिन्यात निकाल मिळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ, कारण पाऊस मध्ये येत नाही. एकाच पाकिटातले बी, एकाच वाफ्याचे समान चौकोन. काही चौकोनांत मुळाच्या दिवशी पेरा, काहींत दोन-तीन दिवसांनी येणाऱ्या फुलाच्या दिवशी. कोणते चौकोन कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपल्या मनाने ठरवले तर चांगली जागा आवडत्या दिवसाला जाते. प्रत्येक चौकोनात तेवढीच रोपे ठेवा आणि पेरल्यापासून तेवढ्याच दिवसांनी उपटा. माती धुऊन, पाला कापून वजन करा. वजन करणाऱ्याला कोणता चौकोन कोणत्या दिवसाचा हे सांगू नका. शेजारणीला किंवा घरातल्या शाळकरी मुलाला बसवा. एका पेरणीवरून काही ठरवू नका, हंगामभर पुन्हा पुन्हा करा. चौकोनाचौकोनातला फरक दिवसादिवसांतल्या फरकाहून मोठा निघाला तर तो फरक मातीचा आहे.

२१. पौर्णिमेला प्रकाश-सापळ्यात किडे कमी सापडतात. म्हणजे कीड कमी झाली का?

नाही. चांदण्यात दिव्याचा प्रभाव फिका पडतो, म्हणून पतंग सापळ्याकडे कमी येतात. हे शेतकऱ्यांना आणि कीटकशास्त्रज्ञांनाही माहीत आहे. पौर्णिमेच्या आसपासचे पाच-सहा दिवस सापळ्याच्या आकड्यावर विसंबू नका, वांग्याचे शेंडे हाताने उलटून पाहा. वाळलेला शेंडा दिसला तर वीतभर खाली कापून जाळा, अळी आत असते.